परत येणारा तराफा

विश्राम,

आधी कबुली देतो आणि मग भांडतो. क्रम उलटा केला तर कबुली ऐकायला तू थांबणार नाहीस, हे मला आठ वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. तर ऐक. तू कोरून दिलेली ती लाकडी पट्टी मी बसवली नव्हती. गावाहून दर रविवारी तुझा फोन यायचा. वहिनींचे गुडघे, आंब्याचा मोहोर, माझं सुटलेलं पोट असं सगळं उरकून झालं की तू शेवटी विचारायचास, "पट्टी बसवलीस?" आणि मी बेधडक सांगायचो, "बसवली रे." दीड वर्ष सांगत होतो. ती पट्टी माझ्या लॉकरमध्ये जुन्या एप्रनखाली पडून होती, तू वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होतीस तशीच.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. दुपारी जेवून पडवीत आडवा झालास आणि वहिनी चहाला उठवायला आल्या तर उठला नाहीस. जेवणात माशाची कढी होती म्हणे, आणि दोनदा भात मागून घेतलास. मरण कसं यावं याची तुझी यादी मी शंभर वेळा ऐकलेली आहे. तिच्यातलं एकूण एक कलम तू मंजूर करून घेतलंस. फक्त घाई केलीस, एवढी माझी तक्रार आहे.

सातव्या दिवशी वहिनींचा फोन आला. मी रडायच्या तयारीने उचलला, तर त्या तुझ्या खोड्या सांगून हसत होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, त्या फळीचा फोटो पाठवा ना. माझी चूक रेमंडने सुधारली, असं यांनी अख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय. तेराव्याला माणसं जमतील, त्यांना दाखवीन म्हणते." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि दुबई मरीनाच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. तिथून पर्यटकांच्या होड्या जातात आणि परत येतात. तुझ्या चुकीची सुरुवात नेमकी या जाण्या-येण्यातूनच झाली होती, आठवतं?

तू त्या फळीसह आमच्या रेस्टॉरंटच्या दारात उभा राहिलास तो दिवस मला लख्ख आठवतो. आमच्या फ्रेंच मालकिणीने, मादामने, मरीनात रेस्टॉरंट काढायचं ठरवलं आणि मला वेटरांचा कॅप्टन म्हणून घेतलं, तेव्हा भिंती अजून ओल्या होत्या. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. समोरच्या भिंतीवर तिचं गाव हवं. क्लाम्सी. फ्रान्सच्या मध्यावर, योन नदीच्या काठावरचं, तीनचार हजार वस्तीचं, कोणी मुद्दाम बघायला जात नाही असं गाव. तिने जुनी पोस्टकार्डं आणि फोटो असलेली एक जाडजूड फाइल तुमच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या सुतारकामाच्या फॅक्टरीत पाठवून दिली. फोरमनने ती तुझ्या पुढ्यात टाकली, कारण हाताने कोरणारा असा तू एकटाच उरला होतास. बाकी सगळं काम मशीनवर चालायचं.

चार महिन्यांनी तू बारा फुटांची ओकची फळी घेऊन आलास. टेकडीवर चढत गेलेली घरं, त्यांच्या भिंतींतून दिसणारे तिरके लाकडी वासे, मध्ये देवळाचा चौकोनी उंच मनोरा, पूल, आणि खाली नदी. नदीत लाकडाचे ओंडके बांधून केलेला लांबच लांब तराफा आणि त्यावर आकडीच्या काठ्या घेऊन उभी असलेली माणसं. मादाम तोंडावर हात ठेवून बघत राहिली. एकेका घराला बोट लावून, इथे माझी आत्या राहायची, इथे पाव मिळायचा, असं सांगत ती डावीकडून उजवीकडे गेली आणि खालच्या कडेशी आल्यावर अडखळली. तिथे दुसरा एक तराफा होता. तो उलट दिशेने, गावाकडे येत होता.

"हा कुठून आला?" तिने विचारलं.

"पॅरिसवरून," तू तुझ्या हिंदी-इंग्रजीत ठणकावून सांगितलंस. "माल टाकला, आता माणसं घरी चालली."

मग मादामने आपल्याला खुर्च्यांवर बसवून गावाचा इतिहास सांगितला. वरच्या डोंगरातल्या जंगलात लाकूड तोडायचे. प्रत्येक व्यापारी आपल्या ओंडक्याच्या तोंडावर हातोडीने आपली खूण ठोकायचा आणि मग सगळ्यांचे ओंडके एकत्रच ओढ्यात सोडून द्यायचे. क्लाम्सीला ते अडवायचे, खुणा बघून वेगळे करायचे, त्यांचे तराफे बांधायचे आणि त्यावर उभं राहून थेट पॅरिसपर्यंत न्यायचे. पॅरिसच्या चुली काहीशे वर्षं या गावाच्या जिवावर पेटल्या. पण तराफा परत येत नसे. पॅरिसला तो सोडायचा, ओंडके विकायचे, जाळायचे. नदी एकाच दिशेने वाहते. माणसं घरी यायची ती काठाकाठाने, आकड्या खांद्यावर टाकून, दिवसेंदिवस चालत.

तुझा चेहरा उतरला. जैतापूरच्या खाडीकाठचा माणूस तू. पाणी जातं तसं येतंच, हे तुझ्या अंगात इतकं भिनलेलं की न येणारं पाणी तुझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मादाम म्हणाली की राहू दे, मला हा तराफा फार आवडला. ग्राहकांना नाही कळणार, असं मीही म्हटलं. तू मात्र फळीसमोर उकिडवा बसून म्हणालास, "कोणाला कळो न कळो, चूक ती चूकच." आपली दोस्ती त्या वाक्यापासूनची. मला कामात चूक सहज खपते आणि तुला खपत नाही, त्यामुळे आपल्याला बोलायला विषय कधी कमी पडला नाही.

पुढे तुझ्या रविवारच्या सुट्टीला मी माझी सुट्टी जुळवून घेऊ लागलो आणि आपण उम्म अल कुवैनला जायला लागलो, त्या तिवरांच्या खाडीवर. तुला तिथे गावचा वास यायचा. मला नुसता चिखलाचा वास यायचा, पण मी वसईचा, तेव्हा चिखलाला नाव ठेवायची सोय नव्हती. तिथे तू मला भरती-ओहोटीचं गणित शिकवलंस. तुझे आजोबा ओहोटीबरोबर होडी सोडायचे, बाजार करायचे आणि भरती लागली की वल्ह्याला हातही न लावता घरी यायचे. "जाणारं पाणी वेगळं नि आणणारं वेगळं, पण खाडी एकच," असं तू म्हणायचास. मग क्लाम्सीच्या लोकांची तुला कीव यायची. एवढं डोकं चालवून तराफे बांधले, आणि घरी यायला पायच. मी म्हणायचो, अरे, आपण तरी काय वेगळं करतो? आपल्याला इथे आणणारं विमान फुकट, परत जायला मात्र वीस वर्षं चालावं लागतं. तू हसायचास आणि सुकटीचा डबा पुढे सरकवायचास.

त्या गावाने तुला पछाडलं होतं हे खरं. मादाम दिसली की तू प्रश्न विचारायचास. पुलावर कोणाचा पुतळा आहे? तराफेवाल्याचा. राजाचा का नाही? तिचं उत्तर असं की राजाने कधी लाकूड वाहिलं नाही. उन्हाळ्यात तिथे दोन होड्या समोरासमोर आणतात आणि लांब काठ्यांनी एकमेकांना नदीत पाडतात, हे ऐकल्यावर तू आठवडाभर खूश होतास. तिथली माणसं भांडखोर, मजुरीवरून काम बंद पाडणारी, कोणाचं ऐकून न घेणारी, असंही ती अभिमानाने सांगायची. माझ्या मते तू तिथेच जन्मायचास, पत्ता चुकला.

आणि बेथलेहेमचे बिशप. ते प्रकरण मी विसरावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून तूच मला सारखी आठवण करून द्यायचास. एका रविवारी तू सहज म्हणालास की बेथलेहेमचे बिशप क्लाम्सीत राहायचे. मला हसू आवरेना. मी जन्माचा कॅथलिक, लहानपणी वेदीवर घंटी वाजवलेला, आणि मला जैतापूरचा सुतार बिशप शिकवणार? मी पैज लावली. हरलो तर ख्रिसमसचं अख्खं जेवण तुझ्या खोलीवर घेऊन येईन, तुझ्या आठही रूममेटना पुरेल एवढं. मादामला विचारलं तर ती म्हणाली, हो तर. बेथलेहेम हातचं गेल्यावर तिथले बिशप आमच्या गावी आले. क्रुसेडच्या काळातल्या एका सरदाराने त्यांच्यासाठी नदीपलीकडचं इस्पितळ आधीच लिहून ठेवलं होतं. चारपाचशे वर्षं एकामागून एक बिशप झाले. पदवी बेथलेहेमची आणि कारभार एका इस्पितळापुरता. अजून त्या पुलाला बेथलेहेमचं नाव आहे. माझी बायको त्या नाताळात दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तू मटणाची हाडं चोखताना एकेका रूममेटला बिशपांची गोष्ट सांगत होतास, आणि दर वेळी माझ्याकडे बोट दाखवून सुरुवात करत होतास.

त्या बिशपांबद्दल तुला फार माया होती. घर सुटलं तरी नाव सोडलं नाही, असं म्हणायचास. आमच्या कामगार कॅम्पातले सगळे तसेच आहेत, असंही एकदा म्हणालास. कोणी राजापूरचा, कोणी खेडचा, कोणी मिरजेचा, आणि कारभार एका बंक-बेडपुरता.

आता भांडणाकडे येतो. तू मला खोटारडा म्हणालास ती संध्याकाळ. तुझा वाढदिवस होता आणि मादामने तुला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, तू आपल्याच फळीसमोर बसलास. मी शेजारच्या टेबलावर नेहमीची गोष्ट सांगत होतो. हा पहिला तराफा लाकूड घेऊन पॅरिसला चालला आहे आणि हा दुसरा, मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, पॅरिसहून वाईनची पिंपं घेऊन परत येतो आहे. त्या बाई म्हणाल्या, हाऊ लव्हली. आणि तू उठलास. हातात काटा तसाच धरून त्या बाईंच्या टेबलाशी जाऊन सांगितलंस, "मॅडम, नो वाईन. धिस माय मिस्टेक. रिव्हर गो, नॉट कम. मॅन वॉकिंग." त्या बाईंनी तुझ्याशी हस्तांदोलन केलं. मी किचनमध्ये जाऊन दहा मिनिटं ग्लास पुसले.

बाहेर आल्यावर तू रागाने विचारलंस की खोटं सांगून तुला काय मिळतं. मी म्हटलं, टिप. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं होतं की मला तो तराफा हवा होता. रोज बारा तास त्या भिंतीसमोर उभा राहतो मी. सगळा देखावा दूर चाललेला आणि एवढीच एक गोष्ट घराकडे येणारी. तुला सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. आता सांगतो, चिडव.

आणि मग तू खरंच घरी निघालास. व्हिसा कॅन्सल झाला, बॅग भरली, आणि जायच्या आदल्या दिवशी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी घेऊन आलास. सहा महिने सुट्टीच्या दिवशी बसून कोरली होतीस. मादाम तेव्हा फ्रान्सला गेली होती आणि तिला विचारल्याशिवाय तू फळीला हात लावणार नव्हतास. "ती आली की विचार आणि दुसऱ्या तराफ्याच्या जागी ही बसव," एवढंच सांगितलंस. मग म्हणालास, "तू पण नोकरी खलास कर आता, रेमंडा. गावी चल." मी म्हटलं, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." तू मान हलवलीस. पुढच्या वर्षी हे माझं उत्तर तुला पाठ होतं.

मादाम आली, मी विचारलं नाही. पट्टी बसवायची म्हणजे तराफा पटाशीने तासून काढावा लागणार, अशी माझी समजूत होती. ते माझ्याच्याने होईना आणि दुसऱ्या कोणाला सांगवेना. तुझा फोन आला तेव्हा बसवली म्हणालो. पहिल्यांदा जीभ अडखळली, नंतर सवय झाली. तू फोटो मागायचास आणि मी कधी उजेड नाही म्हणायचो, कधी फोनचा कॅमेरा बिघडला म्हणायचो.

तर वहिनींचा फोन आला त्या रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं. आमच्या लेकीने, रियाने, फोन बाजूला ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. "पप्पा, यू लाइड टू हिम फॉर अ इयर अँड अ हाफ?" ती म्हणाली. "सो गो अँड मेक इट ट्रू." एवढं सरळ आमच्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती जी तुला ठाऊक नाही. मादाम रेस्टॉरंट विकून कायमची घरी चालली आहे. आणि फळी नव्या मालकाला न देता बरोबर नेते आहे. पुलाजवळ तिच्या भावाचं जेवणघर आहे, तिथे लावणार. म्हणजे तुझं काम आता खुद्द क्लाम्सीची माणसं बघणार, ज्यांचे पणजोबा ती वाट चालले. पॅकिंगवाले या शुक्रवारी यायचे होते. तुझी चूक तुझ्या नावासकट त्यांच्यासमोर जाणार होती आणि तू जाताना ती सुधारली असं समजून गेला होतास. मला झोप आली नाही.

सकाळी लवकर जाऊन मी मादामला सगळं सांगितलं. तिने आधी तुझ्यासाठी डोळे पुसले आणि मग मला फ्रेंचमध्ये जे काही म्हणाली ते भाषांतर न मागताही कळलं. मग आम्ही टेबलावर कापड अंथरून पट्टी उघडली.

विश्राम, मी ती दीड वर्षात एकदा जरी उघडली असती तर.

नदीकाठची वाट आहे. चार माणसं आकड्या खांद्यावर टाकून गावाकडे चालली आहेत. पुढचे दोघे मनोऱ्याकडे बघत आहेत. तिसरा हडकुळा, कानावर सुताराची पेन्सिल. तो थांबून मागे वळून बघतो आहे. आणि सगळ्यांच्या मागे, धापा टाकत, पोट पुढे आणि गळ्यात माझ्यासारखा वेटरचा बो असलेला एक जाडा. मादाम इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मी हसलो नाही. नंतर हसलो.

पट्टी उलटी केली तर मागे पेन्सिलने तुझं अक्षर. "ही बाजू भिंतीकडे. तुला सांगावं लागतं. स्क्रू मारायचा नाही. ग्लू लावून टेबल आणि साध्या फळीने चोवीस तास दाब. कोरताना तुझं पोट मावेना, वाट रुंद केली." आणि त्या अक्षरांच्या मध्ये, अख्ख्या पट्टीभर, एक खोलगट पोकळी. तिचा आकार मला लगेच ओळखू आला. दुसऱ्या तराफ्याचा होता. एकेक ओंडका, एकेक माणूस, त्याच्या मापाने आतून कोरून काढलेला. तराफा तासायचा नव्हताच. पट्टी त्याच्यावर झाकणासारखी बसणार होती आणि तो आत शाबूत राहणार होता.

चूक ती चूकच म्हणणारा तू, आणि त्या चुकीसाठी सहा महिने बसून घर कोरलंस. तुला ती माझ्यासाठी ठेवायची होती की स्वतःसाठी, हे विचारायचं राहिलं. दर रविवारी विचारायची संधी होती आणि दर रविवारी मी खोटं बोलण्यात ती घालवली. माफ कर. आणि आभार मान, असं तू म्हणशील, तर तेही मानतो. तुझ्यामुळे मला एक नदी कळली जी मी पाहिलेली नाही, आणि एक खाडी कळली जी जन्मभर पाहत होतो.

मंगळवारी रेस्टॉरंट बंद ठेवलं. मादामने ग्लू लावला, मी पट्टी बसवली. टक असा आवाज आला आणि कुठे केसाएवढी फट राहिली नाही. दोन टेबलं भिंतीशी सरकवून, मध्ये एक साधी फळी घालून, चोवीस तास दाबून ठेवली. मधे मधे मी जाऊन बघत होतो आणि मादाम मला हाकलत होती. बुधवारी टेबलं काढली, पडदे उघडले, चांगला उजेड होता, फोनचा कॅमेराही बिघडलेला नव्हता. बारा फोटो काढून वहिनींना पाठवले. तेराव्याला वाडीतल्या सगळ्यांनी ते पाहिले. वहिनी सांगत होत्या, तो हडकुळा कोण हे कोणाला विचारावं लागलं नाही, पण तो जाडा कोण यावर बरीच चर्चा झाली.

तो येतोय म्हणून सांग त्यांना. मागे राहिलाय, धापा टाकतोय, पण वाटेला लागलाय. नव्या मालकाने नोकरीत राहा म्हटलं होतं, त्याला परवा 'नाही' म्हणून कळवलं.

फळी शुक्रवारी पेटीत बंद झाली. आता जहाजावर चढेल. आणि फोन नसला तरी रविवार आहे, म्हणून सांगतो.

बसवली रे, विश्राम. पट्टी बसवली.